चोवीस लाखांचं पॅकेज आणि बार्शीची गळकी गच्ची

बार्शीहून ताईचा फोन आला. आवाजात राग नव्हता, पण ती दुखावलेली होती. "दोन लाख महिना मिळतो तिला. आणि गच्चीच्या वॉटरप्रूफिंगला दीड लाख मागितले, तर म्हणते आई, यंदा जमणार नाही. तुझं कामच पगाराचं आहे, तूच सांग खरं काय ते."

ताईची मुलगी, म्हणजे माझी भाची, पुण्यात डेटा सायंटिस्ट आहे. पॅकेज चोवीस लाखांचं. ताईने सरळ भागाकार केला, चोवीस भागिले बारा. त्यात तिचं काही चुकलं नाही. नातेवाइकांच्या ग्रुपवर, कॉलेजच्या जाहिरातीत, चौकातल्या अभिनंदनाच्या फ्लेक्सवर पॅकेजचा आकडा असाच येतो, आणि तो असाच वाचला जातो.

मी अनेक वर्षं पुण्यात कंपन्यांची पगारपत्रकं तयार करते. या भागाकारामुळे घराघरांत किती गैरसमज होतात, ते जवळून पाहिलं आहे. त्यातच २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या आणि "आता हातात कमी येणार का?" असं विचारणारे वाढले. म्हणून भाचीच्या परवानगीने, तिचे आकडे थोडे गोल करून, सगळा हिशेब इथे मांडते आहे.

या कामाला एवढे पैसे का मिळतात?

दूध डेअरीला उद्या कुठल्या भागात किती पिशव्या लागतील, बँकेचा कुठला कर्जदार हप्ता थकवण्याची शक्यता आहे, विमा कंपनीकडे आलेला कुठला दावा संशयास्पद आहे, असे अंदाज जुन्या नोंदींवरून बांधणं हे डेटा सायंटिस्टचं काम. त्याला संख्याशास्त्र लागतं, प्रोग्रॅमिंग लागतं आणि त्या धंद्याची समजही लागते. तिन्ही गोष्टी एकाच माणसाकडे असणं दुर्मीळ, म्हणून भाव चढा.

पण या एकाच नावाखाली फार वेगवेगळी कामं चालतात. कुणी एक्सेलमध्ये अहवाल बनवतो, कुणी नवी गणिती प्रारूपं उभी करतो, आणि पदनाम दोघांचंही तेच. त्यामुळे "डेटा सायंटिस्टचा सरासरी पगार इतका" असं कुठे वाचलंत तर जरा थांबा. पाच मित्रांचे पगार ८, १०, १२, १५ आणि ६० लाख आहेत असं धरा. सरासरी येते २१ लाख, पण पाचातल्या चौघांना त्याच्या जवळपासही मिळत नाही. पगार चढत्या क्रमाने लावून बरोबर मधला उचलला तर येतात १२ लाख. या मधल्या आकड्याला मध्यक म्हणतात. पगाराच्या बाबतीत सरासरीपेक्षा मध्यकावर विसंबावं.

पॅकेज म्हणजे पगार नव्हे

पॅकेजचं कागदोपत्री नाव सीटीसी. एक माणूस कामावर ठेवण्यासाठी कंपनीला वर्षाला येणारा एकूण खर्च म्हणजे सीटीसी. शेतकऱ्याला गड्याची मजुरी पडते, वर चहा-भाकरी आणि ने-आण करणाऱ्या टेंपोचं भाडंही पडतं. शेतकरी तिन्हींची बेरीज सांगतो. गड्याच्या हातात मजुरीच पडते.

भाचीच्या २४ लाखांतले २ लाख ४० हजार 'व्हेरिएबल' आहेत. म्हणजे कंपनीचं आणि तिचं काम ठरल्याप्रमाणे झालं तर वर्षाअखेरीस मिळणारी रक्कम. ती पूर्ण मिळेलच असं नाही. उरले २१ लाख ६० हजार. त्यातून कंपनीच्या वाट्याचा पीएफ १,२९,६०० रुपये, ग्रॅच्युइटीची तरतूद सुमारे ५२,००० आणि गटविम्याचा हप्ता १८,४०० असे दोन लाख आधीच बाजूला निघतात. पगारपत्रकावर येतात १९ लाख ६० हजार.

आता कपात. तिच्या स्वतःच्या वाट्याचा पीएफ पुन्हा १,२९,६००. महाराष्ट्राचा व्यवसायकर वर्षाला २,५००, म्हणजे दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३००. आणि आयकर.

आयकराबाबत एक समज खोलवर रुजला आहे. "बारा लाखांपर्यंत कर नाही, म्हणजे फक्त त्यावरच्या रकमेवर कर." तसं नाही. २०२५-२६ च्या नव्या करप्रणालीत ७५ हजारांची प्रमाणित वजावट धरून पावणेतेरा लाखांपर्यंत पगार असणाऱ्याला कर पडत नाही, कारण त्याला सूट मिळते. करपात्र उत्पन्न बारा लाखांच्या थोडंसंच वर असेल तर काही दिलासा मिळतो, पण त्याच्या बरंच पुढे गेलं की ती सूट संपते आणि कराची मोजणी चार लाखांपासून सुरू होते. चार ते आठ लाखांवर ५ टक्के, आठ ते बारावर १०, बारा ते सोळावर १५, सोळा ते वीसवर २०, वीस ते चोवीसवर २५ आणि त्यापुढे ३० टक्के. भाचीचं करपात्र उत्पन्न १८ लाख ८५ हजार. त्यावर कर १,७७,००० आणि चार टक्के उपकर धरून १,८४,०८०.

हे सगळं वजा जाता वर्षाला हातात येतात १६ लाख ४४ हजारांच्या आसपास. महिन्याला १ लाख ३७ हजार. ताईच्या मनात दोन लाख होते. मधल्या ६३ हजारांचा गैरसमज आई आणि मुलीमध्ये दर महिन्याला नव्याने उभा राहत होता.

पण पीएफ आणि ग्रॅच्युइटी तर तिचीच ना?

पीएफ तिचाच. दोन्ही वाटे मिळून दरमहा २१,६०० रुपये जमा होतात. त्यातले १,२५० पेन्शन योजनेत जातात आणि बाकीच्या रकमेवर २०२४-२५ साठी ८.२५ टक्के व्याज जाहीर झालं होतं. ही खरी बचत आहे आणि ती मोजलीच पाहिजे. फक्त तिच्यातून दुधाचं बिल भरता येत नाही.

ग्रॅच्युइटीचं तसं नाही, आणि माझा आक्षेप तिथेच आहे. सर्वसाधारण कायम नोकरीत सलग पाच वर्षं झाल्यावर ती मिळते. शेवटचा मूळ पगार, त्याचे १५/२६, गुणिले नोकरीची वर्षं. भाचीचा मूळ पगार महिना ९० हजार, म्हणजे पाच वर्षांनी साधारण २ लाख ६० हजार. पण या क्षेत्रात दोन-तीन वर्षांनी नोकरी बदलणं हीच रीत आहे, कारण पगाराची मोठी उडी तेव्हाच मिळते. तिसऱ्या वर्षी सोडली तर हातात काही येत नाही. दर वर्षी ५२ हजार असे तीन वर्षं ते पैसे तिच्या 'पॅकेज'मध्ये मोजले गेले आणि तिला कधीच मिळाले नाहीत. जी रक्कम बहुसंख्य तरुणांपर्यंत पोहोचणारच नाही, ती ऑफर लेटरच्या बेरजेत धरणं मला पटत नाही. बेरजेखाली वेगळी ओळ लिहून दाखवावी.

नव्या संहितांमुळे हातातलं कमी होतं का?

नव्या व्याख्येनुसार 'वेतन' हे एकूण मोबदल्याच्या निदान निम्मं धरावं लागतं. आधी अनेक कंपन्या मूळ पगार ३० ते ४० टक्के ठेवायच्या आणि उरलेली रक्कम भत्त्यांत विभागायच्या. मूळ पगारावर काढलेला पीएफ आणि ग्रॅच्युइटी त्यामुळे कमी भरत असे. वेतनाचा पाया रुंदावला की ग्रॅच्युइटी वाढते. पीएफ मात्र सर्वांचाच वाढेल असं नाही, कारण पीएफची कायदेशीर सक्ती महिना १५,००० रुपयांच्या वेतनापुरती आहे. ज्यांचा पीएफ दरमहा १,८०० रुपये कापला जातो, त्यांच्या हातातल्या रकमेला त्यामुळे धक्का लागण्याचं कारण नाही. पूर्ण मूळ पगारावर १२ टक्के कापणाऱ्या कंपनीत तो फरक पडू शकतो. मुदतीच्या करारावर काम करणाऱ्यांना आता एका वर्षानंतरही ग्रॅच्युइटीचा हक्क आहे. ही चांगली सुधारणा आहे.

एक लाख सदतीस हजार जातात कुठे?

भाची वाकडला राहते. घरात नवरा आणि पाच वर्षांचा मुलगा. जावईबापूंनी नुकताच स्वतःचा व्यवसाय सुरू केला आहे, त्यातून घरात अजून काही येत नाही. दर महिन्याचा खर्च असा:

दोन बेडरूमच्या फ्लॅटचं भाडं ३२ हजार. किराणा, भाजी, दूध, फळं १८ हजार. गाडीचा हप्ता आणि पेट्रोल २० हजार. शाळा आणि शाळेची बस १२ हजार. धुणीभांडी आणि पोळ्यांच्या मावशींचे ७ हजार. वीज, गॅस, इंटरनेट, मोबाइल ५ हजार. ताई आणि दाजींच्या आरोग्यविम्याचा हप्ता आणि औषधं मिळून १२ हजार. बाहेरचं जेवण, कपडे, वाढदिवस १० हजार. दिवाळी, गावी येणं-जाणं, गाडीचं सर्व्हिसिंग असे वर्षातून एकदा-दोनदा येणारे खर्च बारा महिन्यांत वाटले तर १० हजार.

बेरीज १ लाख २६ हजार. उरले ११ हजार.

त्या ११ हजारांतून दीड लाखांची गच्ची करायची तर चौदा महिने लागतात, आणि त्या चौदा महिन्यांत कुणी आजारी पडता कामा नये. ताईला मी हे सांगितलं तेव्हा विम्याच्या ओळीवर ती थबकली. आपला हप्ता लेक भरते हे तिला माहीत होतं. महिन्याला किती जातात, हे कधी विचारलं नव्हतं.

"खर्चच जास्त करतात ही पोरं"

हा आक्षेप रास्त आहे. आधी त्याची दुसरी बाजू पाहू. केंद्र सरकारच्या २०२३-२४ च्या कौटुंबिक खर्चाच्या पाहणीत शहरी भारतात दर माणशी महिन्याचा सरासरी खर्च ६,९९६ रुपये निघाला, ग्रामीण भागात ४,१२२. त्या हिशेबाने तिघांचं सरासरी शहरी कुटुंब २१ हजारांत महिना काढतं. भाचीचं घर त्याच्या सहापट खर्च करतं. तिच्या परिस्थितीला हलाखी म्हणणं म्हणजे ज्यांची खरोखर ओढाताण होते त्यांच्यावर अन्याय होईल. ती सुस्थितीत आहे.

तरीही खर्च पुन्हा पाहा. बाहेरचं जेवण आणि कपडे हे दहा हजार सोडले, तर 'चैन' म्हणून खोडता येईल अशी ओळ सहज सापडत नाही. गाडी विकता येईल. पण वाकडहून खराडीला ऑफिस, आठवड्यातून तीन दिवस, पावसाळ्यात, मुलाला शाळेतून आणायची वेळ सांभाळून. सार्वजनिक वाहतूक धड असती तर वीस हजारांची ती ओळ निम्म्यावर आली असती. नळाला पुरेसं पाणी असतं तर सोसायटीला टँकर लागला नसता आणि मेंटेनन्सबरोबर भाडंही थोडं उतरलं असतं. चांगली सरकारी शाळा जवळ असती तर बारा हजार वाचले असते. शहराने ज्या सोयी द्यायच्या त्या इथे पगारातून विकत घ्याव्या लागतात, आणि म्हणून चांगला वाटणारा पगारही पुरत नाही. पोरांच्या उधळपट्टीवर बोलण्याआधी आपण यावर बोलायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

सांगलीत सोळा लाख, पुण्यात चोवीस

भाचीचा एक जुना सहकारी सांगलीतून, स्वतःच्या घरातून काम करतो. पॅकेज १६ लाख, व्हेरिएबल नाही. कागदावर भाची त्याच्या दीडपट कमावते.

त्याचा हिशेब मी त्याच पद्धतीने केला. मूळ पगार वर्षाला आठ लाख. कंपनीचा पीएफ, ग्रॅच्युइटी आणि विमा मिळून दीड लाख बाजूला. पगारपत्रकावर साडेचौदा लाख. त्यातून त्याचा पीएफ ९६,०००, व्यवसायकर २,५००, आयकर ८९,७००. हातात महिन्याला १ लाख ५ हजार.

म्हणजे पॅकेजमध्ये आठ लाखांचं अंतर, आणि दर महिन्याच्या हातातल्या रकमेत फरक फक्त ३२ हजारांचा. वाकडच्या फ्लॅटचं भाडं बरोबर तेवढंच आहे. भाचीचा पीएफ जास्त जमतो आणि व्हेरिएबल मिळालं तर कर जाऊन वर्षाला आणखी १ लाख ८४ हजारांपर्यंत येतात, हे तिच्या बाजूचं. पण शाळा, प्रवास, मदतनीस यांत सांगलीला होणारी बचत त्यातला बराच भाग भरून काढते.

मग सगळ्यांनी गावी परतावं का? तसा सल्ला मी देणार नाही. घरून काम करण्याची मुभा कंपनी कधीही काढून घेऊ शकते. नोकरी गेली तर सांगलीत दुसरी मिळणं अवघड, पुण्यात किंवा बंगळुरूला त्या मानाने सोपं. मोठ्या शहराच्या भाड्यात पुढच्या संधीचाही हप्ता असतो. तो किती वर्षं भरायचा, हे ज्याचं त्याने ठरवावं.

भाडं भरण्यापेक्षा घर का घेत नाही?

ताईने हेही विचारलं. ९० लाखांचा फ्लॅट धरू. बँक साधारण ८० टक्के देते, म्हणजे १८ लाख स्वतःचे हवेत. पुण्यात मुद्रांक शुल्क ७ टक्के, म्हणजे ६ लाख ३० हजार. घर फक्त बाईच्या नावावर असेल तर एक टक्का सवलत. नोंदणीचे ३० हजार. इमारत बांधली जात असताना घेतलं तर ५ टक्के जीएसटी, साडेचार लाख. फर्निचरआधीच २९ लाख लागतात. उरलेल्या ७२ लाखांचं कर्ज वीस वर्षांसाठी साडेआठ टक्क्यांनी घेतलं तर हप्ता ६२,५०० रुपये, भाड्याच्या जवळजवळ दुप्पट. आज दरमहा ११ हजार उरतात, त्यात हे बसत नाही. जावईबापूंच्या व्यवसायातून पैसे येऊ लागेपर्यंत भाड्याने राहणंच शहाणपणाचं.

अमेरिकेत तर एक कोटी मिळतात

अमेरिकी सरकारच्या कामगार आकडेवारीत मे २०२४ मध्ये डेटा सायंटिस्टच्या वार्षिक पगाराचा मध्यक १,१२,५९० डॉलर होता. डॉलरला ८५ रुपये धरले तर जवळपास ९६ लाख. पण तिथे कमावणारा तिथेच भाडं भरतो आणि तिथेच केस कापून घेतो. म्हणून तुलनेसाठी अर्थशास्त्रज्ञ 'क्रयशक्ती समता' वापरतात. तिकडे एका डॉलरमध्ये जेवढ्या वस्तू आणि सेवा येतात, तेवढ्याच इथे घ्यायला किती रुपये लागतात, हा तो हिशेब. जागतिक पाहणीत २०१७ साली तो आकडा २०.६५ रुपये आला. त्याने गुणलं तर १,१२,५९० डॉलर होतात २३ लाख २५ हजार. म्हणजे भाचीचंच पॅकेज!

मात्र इथे उलट्या बाजूने फसायला नको. हा आकडा देशभरच्या किमतींवरून काढलेला असतो. लॅपटॉप, पेट्रोल, विमानाचं तिकीट यांसाठी भारतात स्वस्ताई नाही. न्हाव्याची, सुताराची, पोळ्यांच्या मावशींची मजुरी इथे कमी आहे, स्वस्ताई येते ती प्रामुख्याने तिथून. वाकडच्या भाचीच्या खर्चात पहिल्या प्रकारच्या गोष्टी देशाच्या सरासरीपेक्षा जास्त आहेत, म्हणून तिचे २४ लाख खऱ्या अर्थाने त्या डॉलरांच्या बरोबरीचे नाहीत.

आणि बचतीचं गणित वेगळंच चालतं. टेक्सासमध्ये राज्याचा आयकर नाही. तिथल्या अविवाहित माणसाला त्या पगारात केंद्रीय कर आणि सामाजिक सुरक्षेची कपात जाऊन महिन्याला साधारण ७,३०० डॉलर उरतात, आरोग्यविम्याचा हप्ता त्यातून वेगळा. भाडं, गाडी, विमा, जेवण भागवून त्याने दीड हजार डॉलर गावी पाठवले, तर इथे ते बाजारभावाने साधारण १ लाख २७ हजार रुपये होतात. खर्च तिथल्या किमतीने, पाठवलेला पैसा इथल्या किमतीने. परदेशातल्या मुलाने बांधलेलं गावातलं घर मोठं दिसतं त्याचं कारण हे. लहान मूल झालं आणि पाळणाघराचे हजार-दीड हजार डॉलर जाऊ लागले की ही शिल्लक आटते. शिवाय सप्टेंबर २०२५ पासून अमेरिकेबाहेरून होणाऱ्या एच-१बी या नोकरीच्या व्हिसासाठीच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचं शुल्क लावल्यामुळे ही वाट बरीच अरुंद झाली आहे.

दर वर्षी वाढ होते की!

होते. यंदा तिला ८ टक्के मिळाली असं धरू. वाढलेली रक्कम तिच्या उत्पन्नाच्या वरच्या टोकाला जाऊन बसते, जिथे कराचा दर २० आणि २५ टक्के आहे. त्यामुळे पगारात ८ टक्के वाढ झाली तरी हातातली रक्कम वाढते ६.८ टक्के, महिन्याला ९,३०० रुपये. त्याच वर्षी अकरा महिन्यांचा भाडेकरार नव्याने होतो, शाळेची फी वाढते, आईवडिलांचं वय एका वर्षाने पुढे गेल्यामुळे विम्याचा हप्ता वाढतो. घरखर्च सरसकट ७ टक्क्यांनी वाढला तर ८,८२० रुपये गेले. एवढ्या वाढीनंतर शिल्लक ११ हजारांवरून साडेअकरा हजारांपर्यंत जाते. सरकारी महागाईचा आकडा चार टक्के असला तरी तिच्या घरची महागाई सात असू शकते, कारण तो आकडा सगळ्या देशाच्या टोपलीचा असतो आणि तिच्या टोपलीत शाळा, भाडं आणि औषधं जास्त आहेत.

मग ऑफर हातात आल्यावर काय विचारायचं?

भाचीला आता नवी ऑफर आली आहे, ३० लाखांची. या वेळी तिने सही करण्याआधी एचआरला मेल पाठवला. व्हेरिएबल वजा जाता निश्चित रक्कम किती, ग्रॅच्युइटी आणि विमा पॅकेजमध्ये धरलाय का, पीएफ पूर्ण मूळ पगारावर की १,८०० रुपये, जॉइनिंग बोनस किती महिन्यांच्या आत सोडल्यास परत द्यावा लागेल, आणि मागच्या दोन वर्षांत तिच्या पातळीवरच्या लोकांना व्हेरिएबल किती टक्के मिळालं. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आलं, सत्तर टक्के.

तिने तो मेल मला पुढे पाठवला. आम्ही दोघींनी बसून हातातला आकडा काढला आणि ताईला फोनवर तेवढाच सांगितला. ताईने तो कॅलेंडरच्या मागे लिहून घेतला, त्याखाली गच्चीचे दीड लाख लिहिले, आणि काम पावसाळ्याआधी करायचं की दिवाळीनंतर, यावर दोघी बराच वेळ बोलत राहिल्या.